ज्याचं त्याचं कुलूप

नंबर तीन महिन्यांनी लागेल, असं काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं तेव्हा त्याला आधी राग आला आणि मग त्या रागाचीच लाज वाटली, कारण राग आला होता तो बाकांवर बसलेल्या पुरुषांचा. घरून निघताना त्याने सगळ्याची तयारी केली होती. बाई हसतील, बायकोला का नाही आणलं असं आडून आडून विचारतील, आणि आपण मान खाली न घालता उत्तर द्यायचं, असं तो बसमध्ये घोकत आला होता. रांग असेल हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. नसबंदीला रांग. टाय लावलेले होते, दाढी वाढलेले होते, एक रंगारी असावा, त्याच्या बुटांवर पांढरे ठिपके होते. सगळे समोरच्या भिंतीवरचं, दात कसे घासावेत ते सांगणारं चित्र असं मन लावून बघत होते की जणू बाहेर पडताना कोणी त्यावर प्रश्न विचारणार आहे. एकमेकांकडे मात्र कोणी बघत नव्हतं. "पूर्वी महिन्याला दोन-चार यायचे," बाई म्हणाल्या, "तेही बायकोने कान धरून आणलेले. कायदा बदलला आणि तुम्हाला सगळ्यांना एकदमच जाग आली." हा टोमणा होता की नुसती माहिती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. "लावा नंबर," तो म्हणाला. "मधे कोणी गळालं तर मला आधी बोलवा." बाईंनी मान वर न करता त्याचं नाव घातलं. "गळतात. आदल्या दिवशी बरेच गळतात." "मी गळणार नाही," तो म्हणाला, आणि हे आपण उगाच मोठ्याने बोललो असं त्याला वाटलं, कारण रंगाऱ्याने तेवढ्यापुरतं त्या चित्रावरून डोळे काढून त्याच्याकडे पाहिलं.

रस्त्यावर आल्यावर त्याने बस सोडून दिली आणि चालायला लागला. तीन महिने. त्याच्या धंद्यात तीन महिने म्हणजे एक फेरी. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करत होता, आणि शहरातल्या त्याच्या वाटणीच्या इमारतींमध्ये तो दर तीन महिन्यांनी जायचाच, बिघाड असो नसो. दोर बघायचे, दारं बघायची, खड्ड्यात उतरून साफ करायचं. या तीन महिन्यांत घरात काय करायचं, हा प्रश्न त्याच्यापुढे आता उभा होता, आणि तो काही नवा नव्हता. पंधरा वर्षं तो प्रश्न होता, फक्त त्याच्यापुढे नव्हता. तो बायकोपुढे होता. आधी गोळ्या होत्या, त्यांनी तिचा रक्तदाब वाढला. मग तांबी बसवली, तिच्यामुळे दर महिन्याला चार दिवस बायको पांढरीफटक पडायची आणि कामावर उभी राहून राहून कंबर धरून घरी यायची. मुलीच्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, आता पुन्हा नको, पुन्हा म्हणजे जिवाशी खेळ आहे. पोट उघडून तिची शस्त्रक्रिया करणंही त्यांना नको होतं. "तुम्हीच का नाही करून घेत?" त्यांनी त्याला विचारलं होतं. "बघू," तो म्हणाला होता. घरातल्या वस्तू मोडतात, झिजतात, जुन्या होतात. हा 'बघू' मात्र पंधरा वर्षं जसाच्या तसा टिकला होता.

कारण तेव्हा घाई नव्हती. घाई नव्हती म्हणजे काय, हे त्याला कायदा बदलल्यावर कळलं. तांबी असूनही एकदा तिला दिवस गेले होते. मुलगी तेव्हा पहिलीत होती. दोघं सकाळी डॉक्टरबाईंकडे गेली, बाहेरच्या खोलीत त्याने एक जुनं मासिक दोनदा वाचलं, दुपारपर्यंत ती घरी येऊन झोपलीसुद्धा. संध्याकाळी उठून तिने विचारलं, काही खायला आहे का, आणि त्याने अंडी उकडून दिली. तिने त्यांत मीठ घालून घेतलं, मग मुलीचा अभ्यास घेतला. त्या दिवसाबद्दल पुढे दोघं कधीच बोलली नाहीत. लपवायचं होतं म्हणून नाही, बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून. आता तो दिवस त्याला पुन्हा पुन्हा आठवायचा, अंड्यांसकट. त्याच डॉक्टरबाई परवा तिला म्हणाल्या होत्या, "आता तसं झालं तर मला हात लावता येणार नाही. तुझी तब्येत बिघडेपर्यंत मला थांबावं लागेल, आणि किती बिघडली म्हणजे बिघडली, ते वकिलाला विचारावं लागेल." हे तिने घरी येऊन सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं. तिला बहुधा तसंच सांगायचं होतं. त्याने मात्र हातातला पेला न पिताच खाली ठेवला.

बातमी त्याला पहिल्यांदा कळली होती ती एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. त्याचा जोडीदार, ज्याला सगळे आजोबा म्हणत, फोनवर वाचून दाखवत होता. आजोबा तिशीतच पांढरा झाला होता म्हणून आजोबा, एरवी त्याच्यापेक्षा लहानच. गर्भपात जवळजवळ बंद, बाईच्या जिवावर बेतल्याशिवाय डॉक्टरला परवानगी नाही, दिवस कसे गेले आणि कोणामुळे गेले याला कायद्यात जागा नाही. शेवटचं वाक्य त्याने ऐकलं, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं म्हणून कानाआड गेलं. त्याच्या घरात दिवस जाणार ते कोणामुळे, हे उघडच होतं. तो ग्रीसचे हात पुसत उभा राहिला आणि त्याची नजर मेन स्विचवर गेली. त्या स्विचच्या कडीला पाच-सहा भोकं असतात. कामाला जितके लोक, तितकी कुलपं तिथे लागतात. ज्याने त्याने आपलं कुलूप आपल्या हाताने लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि काम संपल्यावर आपलंच तेवढं काढायचं. दुसऱ्याचं काढायचं नाही, दुसऱ्याच्या वतीने लावायचं नाही. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जात नाही. नियम शाळेतल्या मुलालाही कळेल असा आहे, आणि तरी नवीन असताना त्याने तो मोडला होता. आजोबाचं कुलूप लागलंय, आता आपलं कशाला, म्हणून तो तसाच खड्ड्यात उतरला. वर आजोबाचं काम संपलं, त्याने आपलं कुलूप काढलं आणि स्विच चढवला. लिफ्ट खाली यायला लागली तेव्हा तो जमिनीला पाठ लावून उताण्या झुरळासारखा पडून राहिला, आणि ती त्याच्या नाकाच्या वर वीतभर येऊन थांबली. तिच्या पोटाखालचं तेल त्याच्या कपाळावर पडलं. आजोबा नंतर पायरीवर बसून हमसून रडला, आणि त्यालाच आजोबाची समजूत घालावी लागली. चूक आजोबाची नव्हतीच. तेव्हापासून दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर तो कधी खाली उतरला नाही. कामावर. घरी मात्र तो पंधरा वर्षं तिच्या कुलपावर खुशाल राहिला होता. हे त्याला त्या मशीनच्या खोलीत कळलं आणि कळल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं, कारण आता करायचं काय ते ठरलं होतं.

तिला सांगितलं तेव्हा ती मुलीच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवत बसली होती. तिचं कामही तेच. एका मोठ्या दुकानसंकुलात, कपडे मापाचे करून देणाऱ्या दुकानात ती मशीनवर बसायची. घरीही तिचे हात स्वस्थ नसत. "मी ऑपरेशन करून घेतोय," तो म्हणाला. तिने दाताने दोरा तोडला. "कापण्यातलं तुला काय कळतं? एकदा कापलं की कापड वाढत नाही." "माहीत आहे." "उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि तुला दुसरी करावीशी वाटली तर?" "तर तिला आधीच सांगेन, माल असा आहे." ती हसली नाही, पण हसू आवरताना तिच्या नाकपुड्या फुलायच्या तशा फुलल्या. मग ती गंभीर झाली. "माझ्यावर उपकार म्हणून करणार असशील तर करू नकोस. मला आभार मानत बसायला वेळ नाही." "उपकार नाही. माझं कुलूप मी लावतोय." त्याच्या कामाची भाषा तिला पाठ होती. "लाव मग," ती म्हणाली. "उशीरच केलास."

दादाला कसं कळलं कोण जाणे. थोरला भाऊ म्हणून त्याला सगळं कळणं हा त्याचा हक्कच होता. "आपल्या घराण्यात असलं कोणी केलेलं नाही," फोनवर दादा म्हणाला. "आपल्या घराण्यात लिफ्टही कोणी दुरुस्त केलेली नाही, दादा." "थट्टा नको. एक मुलगा तरी असावा माणसाला. म्हातारपणी कोण बघणार?" "तुझे तीन आहेत, त्यातला एक पाठव." मग दादा खालच्या आवाजात म्हणाला, "दुखतं का रे फार?" त्याला आधी प्रश्न कळला नाही. कळल्यावर त्याला दादाबद्दल एकदम माया वाटली. कितीतरी दिवस दादा हेच विचारायला फोन करत असणार आणि दर वेळी घराणं आडवं येत असणार. "झालं की सांगतो," तो म्हणाला.

भीती त्यालाही होती. ती दाढी करताना यायची, जिना चढताना यायची. कामावर कोणी मोठा पाना हातातून पाडला की त्याच्या मांड्या आपोआप जवळ यायच्या. आपण कमी होऊ असं त्याला वाटायचं, आणि नेमकं काय कमी होऊ हे ठरवायला गेलं की काही हाताला लागायचं नाही. मग तो तिचं रक्त आठवायचा. बाळंतपणाच्या वेळी त्याला आत बोलावलं होतं, आणि पलंगाखाली ठेवलेल्या भांड्यात ते ठिबकत होतं, नळ नीट बंद न केल्यासारखं. ते आठवलं की भीती जायची नाही, पण गप्प बसायची. तीन महिने त्याने असे काढले. आदल्या दिवशी खरंच कोणीतरी गळालं आणि त्याचा नंबर सकाळचा पहिला लागला. रंगारीही आलेला होता. दोघांनी या वेळी एकमेकांकडे बघून मान हलवली. टेबलावर डॉक्टर कापता कापता म्हणाले, "आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. कशाने हो?" "दाराचा स्विच बघायला सांगा," तो छताकडे बघत म्हणाला, "दार नीट लागलं नाही असं तिला वाटतं." "बरं झालं विचारलं," डॉक्टर म्हणाले, आणि तेवढ्यात कोणीतरी पोटातून एक दोरी खाली ओढल्यासारखं झालं, त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि काम संपलं. घरी तो दोन दिवस गोठवलेल्या मटारची पिशवी मांड्यांत धरून बसून राहिला. मुलीने विचारलं तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं. आईला पुन्हा मूल होणं धोक्याचं आहे, म्हणून. पंधरा वर्षांच्या मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते मटार आता खायचे नाहीत ना आपण?" दादाला त्याने संदेश पाठवला, दाढ काढण्यापेक्षा कमी. ते पूर्ण खरं नव्हतं, पण दादासाठी पुरेसं होतं.

लगेच मोकळं समजायचं नाही, तपासणीत शून्य येईपर्यंत सांभाळायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. स्विच पाडला म्हणजे वीज गेली असं त्याच्या धंद्यात कोणी मानत नाही. आत थोडी साठून राहिलेली असते, मीटर लावून बघायचं आणि मगच हात घालायचा. तो तिच्यापासून इतका दूर झोपायला लागला की एकदा ती म्हणाली, "अरे, मी विजेची तार आहे का?" "तू नाही, मी," तो म्हणाला. शेवटी तपासणीचा निकाल आला. शून्य. तो प्रयोगशाळेच्या पायरीवर उभा राहिला आणि त्याला कोणाला तरी सांगावंसं वाटलं. समोरून एक अनोळखी माणूस दूध घेऊन चालला होता, त्यालाही सांगितलं असतं. आता ती मोकळी. त्या चार पांढऱ्याफटक दिवसांतून, कंबर धरून येण्यातून, सगळ्यातून. या आनंदाच्या भरात त्याने तिथूनच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात फोन लावला आणि तिची तांबी काढण्यासाठी पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊन टाकली. तिला सुट्टी असते तो वार. त्याने तेवढा विचार केला होता.

घरी त्याने आधी निकाल सांगितला. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, कपाळावर थोडा वेळ तसाच ठेवला. मग त्याने वेळ घेतल्याचं सांगितलं. तो हात निघाला. "कोणी सांगितलं तुला वेळ घ्यायला?" तिने विचारलं. "अगं, तुला इतका त्रास होतो त्याचा. आता गरजच काय? मीटर शून्य दाखवतोय." "तुझा," ती म्हणाली. तिने पुढ्यातलं कापड उचललं, ते पुन्हा खाली ठेवलं. "माझं कुलूप तू कसं काढतोस? तुमच्यात असं चालतं?" तो गोंधळला. नियम त्याचाच होता आणि त्याने तो पुन्हा एकदा मोडला होता, हे त्याला कळलं, पण ती इतकी का दुखावली ते कळेना. "धोका मला फक्त तुझ्याकडूनच आहे का?" ती म्हणाली. "म्हणजे?" "म्हणजे मी दुकान बंद करून खाली पार्किंगमध्ये येते, स्कूटरपाशी जाते, तेव्हा तिथे तू नसतोस. तुझं ऑपरेशन पण नसतं." आतल्या खोलीत मुलगी मोठ्याने धडा पाठ करत होती. तिने आवाज खाली आणला. "नवीन कायद्यात काय लिहिलंय ते तू वाचलंस ना? कोणामुळे राहिलं ते विचारणार नाहीत. मग मी हे कोणासाठी काढू? दुखतं ते माझं दुखतं, राहू दे." आतला आवाज एका शब्दावर अडखळला, मागे आला, पुन्हा निघाला. "आणि आत बसलीय तिच्या कुलपाचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. आधी तिच्याशी बोलेन," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा दोनदा चुकला.

त्याला पहिल्यांदा जे म्हणावंसं वाटलं ते हे, की मी एवढं केलं. ते शब्द जिभेवर आले, आणि तिथेच त्याला दिसलं की आभार नकोत नकोत म्हणताना आपण सहा महिने आभारांचीच वाट बघत होतो. ते बाक त्याला आठवले. तो टायवाला, तो रंगारी, आपण, सगळे त्या दातांच्या चित्राकडे बघत बसलेले, आणि प्रत्येक जण मनात आपापल्या घराला कडी घालून मोकळा झालेला. केलं ते बरोबरच केलं, यात त्याला तसूभरही शंका नव्हती. पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा त्या टेबलावर जाऊन झोपला असता. फक्त ते एकच कुलूप होतं. आपण स्विच पाडला म्हणजे इमारतच अंधारात गेली असं समजणारा माणूस त्याने कामावर ठेवला नसता. त्याला शरम वाटली, आणि शरमेबरोबर एक जुनी, ओळखीची भीती वाटली. लिफ्टच्या पोटाखाली पडून राहताना वाटली होती तीच, पण या वेळी खाली तो नव्हता.

सकाळी त्याने दवाखान्यात फोन केला. "ती वेळ रद्द करा. मी घेतली होती, मी घ्यायला नको होती. त्यांना हवी तर त्या घेतील." कामावर आजोबाला त्याने लवकर निघतो म्हणून सांगितलं. तिच्या दुकानसंकुलाची लिफ्ट त्याच्याच वाटणीची होती. त्या लिफ्टचे दोर त्याला तळहातासारखे माहीत होते, खड्ड्यातली प्रत्येक वीट माहीत होती. पण पार्किंगच्या मजल्यावर दुकानं सुटायच्या वेळी तो कधी उभा राहिला नव्हता. तळघरात सकाळ काय, संध्याकाळ काय, सगळं सारखंच. जाड जाड खांब, एका कोपऱ्यातली दिव्याची नळी लुकलुकत होती, बाकीच्या दोन मेलेल्या. स्कूटर ठेवायची जागा नेमकी त्याच बाजूला, लिफ्टपासून सगळ्यांत लांब. वर्षानुवर्षं तो त्या दारातून आत-बाहेर करत आला होता आणि त्याने कधी वर मान करून ते दिवे बघितले नव्हते, कारण दिवे त्याच्या कामात येत नव्हते. तो एका खांबाशी थांबला. लिफ्टचा आवाज वरून खाली येत गेला, दार उघडलं आणि ती बाहेर आली.

ती रोज घरी येताना दिसायची तशी नव्हती. खांदे ताठ, पिशवी पोटाशी धरलेली, पावलं जलद पण आवाज न करणारी, आणि डोळे खांबाखांबांमागे जाऊन येणारे. ते डोळे त्याच्यावर आले आणि थांबले. उजेड त्याच्या पाठीमागे होता. एक पुरुष तिथे उभा आहे, एवढंच तिला दिसलं. तिचा उजवा हात पिशवीमागून बाहेर आला, आणि त्या मुठीत दोरे कापायची छोटी कात्री होती, टोक पुढे. ती ओरडली नाही. तिने एक पाय मागे घेऊन घट्ट रोवला आणि त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्याने त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. "मी आहे," तो घाईने म्हणाला. "मी."

"तू होय," ती म्हणाली. खांदे खाली आले. ती जवळ आली तेव्हा तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. "वेळ रद्द केली," तो म्हणाला. तिने मान हलवली. दोघं स्कूटरकडे चालायला लागली. "दिव्यांचं मी उद्या इथल्या साहेबाशी बोलतो. नाही बदलले तर मी बदलतो." "बदल." "उद्या येऊ का न्यायला?" "रोज येशील?" त्याने विचार केला. आजोबा, फेऱ्या, कुठे कोण लिफ्टमध्ये अडकलंय त्याचे अवेळी येणारे फोन. "रोज नाही जमणार," तो म्हणाला. "माहीत आहे," ती म्हणाली, "म्हणून तर." त्या आवाजात राग नव्हता. तिने स्कूटरची किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागे बसली. उतार चढून ती दोघं वर रस्त्यावर, माणसांत, दुकानांच्या उजेडात आली, तोपर्यंत तिचा एक हात त्याच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्या मुठीत कात्री तशीच होती.